चौथ्या बोल्टवरची पाल

माणूस घाबरला आहे की नाही हे मी त्याच्या पायांवरून ओळखते. मी दातांची डॉक्टर आहे. माझ्या खुर्चीत बसणारे लोक चेहऱ्यावर बरंच काही लपवतात, तोंड तर माझ्याच ताब्यात असतं, पण पायांची बोटं लपवणं कुणालाच जमत नाही. ड्रिल सुरू झालं की बुटाच्या आत बोटं वळतात आणि वरचं चामडं उचललं जातं. भल्याभल्या साहेबांचे बूट मी असे उचललेले पाहिले आहेत.

मला दुसरी खोड आहे ती प्रश्न विचारण्याची. समोरच्याच्या गालात कापसाचे बोळे कोंबून मी त्याला विचारते की धाकटा काय करतो, सासूबाईंचा गुडघा कसा आहे. माझी ताई म्हणते, तुला उत्तरं नकोच असतात, नुसतं विचारायचं असतं. साफ खोटं आहे. मला उत्तर हवंच असतं, आणि मिळालं नाही तर दोन घास कमी जातात.

म्हणून ताईची मुलगी, म्हणजे आमची पाल, दवाखान्यात येऊन सरळ म्हणाली, "मावशी, माझा दोर धरशील का?" तेव्हा मी हो म्हटलं ते मायेपोटी कमी आणि कुतूहलापोटी जास्त. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तिला कधीच नव्हती. माझीच निवड का, असं विचारल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, तुझं वजन चांगलं आहे.

पाल हे नाव भावजींनी ठेवलेलं. धड चालायला यायच्या आधी ती खिडकीच्या गजांवर चढून बसायची आणि वरून सगळ्यांकडे टुकुटुकु बघायची. मोठी झाल्यावर घराच्या भिंती सोडून खऱ्या कड्यांवर चढायला लागली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गेल्या वर्षी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत ती चढताना पडली. खाली पायरीसारखा एक दगड पुढे आलेला होता, त्यावर टाच आपटली आणि हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी परवानगी दिली, ही परत चढायला गेली, आणि मग लक्षात आलं की हिला आता फक्त चौथ्या बोल्टपर्यंत चढता येतं.

इथे जरा समजावून सांगते, कारण मलाही ते कुणीतरी समजावून सांगितलं तेव्हाच कळलं. हा दोर वरून सोडलेला नसतो. चढणारा तो कमरेच्या पट्ट्याला बांधून खालून वर नेतो. दगडात थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी बोल्ट ठोकलेले असतात. तिथवर पोचलं की खालच्याला 'दोर दे' म्हणायचं, तो कडीत अडकवायचा आणि पुढे निघायचं. शेवटच्या बोल्टच्या तुम्ही जितके वर, तितकेच पडल्यावर त्याच्या खाली जाता, शिवाय सैल दोराचा थोडा झोल वेगळाच. खाली एक माणूस कमरेला यंत्र लावून दोर सोडत किंवा ओढत असतो, आणि पडणाऱ्याला अडवतो तो तोच. एक हात दोरावरून कधीही सुटता कामा नये, एवढाच काय तो नियम. काम अवघड नाही, पण त्यात नजर इकडेतिकडे करायची सोय नाही. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षाच.

सराव एका जुन्या गोदामात चालायचा. आत लाकडी फळ्यांची उंच भिंत, तिच्यावर हातपाय टेकवायच्या रंगीबेरंगी पकडी आणि खाणीतल्यासारखेच बोल्ट, खाली गाद्या, आणि सगळीकडे हातांना लावायच्या पांढऱ्या भुकटीचा थर. तिथले शिकवणारे म्हणजे मास्तर. किडकिडीत, पांढऱ्या मिशीचे, आणि रागावले की समोरच्याला अहोजाहो करणारे. चढायचं कसं हे ते फारसं शिकवतच नसत. ते म्हणायचे, हात आणि पाय शिकतात आपोआप, शिकत नाही ते डोकं. त्यामुळे तिथे डोक्याचीच शाळा भरायची. जमीन सोडण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं: मी कुठे पडू शकतो आणि पडलो तर कशावर आपटेन. मग श्वास, आत घेतलेल्यापेक्षा बाहेर सोडलेला लांब. मग पडण्याचा सराव, आधी हातभर, मग कमरेएवढा, मग पुरुषभर.

आणि सगळ्यात शेवटी तो प्रश्न. चढणारा वर कुठे अडकला, थिजला, की दोर धरणाऱ्याने खालून एकदाच विचारायचं, "भीती की धोका?" वरच्याने एका शब्दात उत्तर द्यायचं. भीती म्हणाला तर एक लांब श्वास सोडायचा आणि पुढची पकड घ्यायची. धोका म्हणाला तर दोर धरणाऱ्याने त्याला त्या क्षणी खाली उतरवायचं. कसला धोका, कुठे, खरंच का, काही विचारायचं नाही. पाय जमिनीला लागून कमरेची गाठ सुटेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, आणि नंतरही हसायचं नाही.

मला हा नियम भलताच जड वाटला. विचारायचं नाही म्हणजे काय? मी मास्तरांना म्हटलं, अहो, वरच्याला चुकून वाटलं असेल तर? ते म्हणाले, वर आहे तो, मान मोडून बघताय तुम्ही. तुम्हाला काय दिसणार?

पण नियम भिंतीवर असतो आणि रीत माणसांत असते. तिथे जाऊन-येऊन एवढे महिने झाले, भीती हा शब्द मी उठता-बसता ऐकला. धोका हा शब्द ऐकला एकदाच, एका बँकवाल्याच्या हातातली पकड स्क्रू ढिला होऊन गरकन फिरली तेव्हा. तरी खाली आल्यावर तो बिचारा सगळ्यांना ती पकड स्वतः हलवून दाखवत बसला. न विचारताच पुरावा देत होता. मला हे फार गमतीचं वाटलं. हसायला बंदी असलेल्या जागी माणसं हसण्याला जास्तच भितात.

आता पालीपुढे काय वाढून ठेवलं होतं ते सांगते. हंगामाच्या शेवटी मास्तर त्याच खाणीत निवड घेणार होते. प्रत्येकाला एकच चढाई. मध्ये खाली उतरलात की संपलं. निवडलेल्यांना ते मोठ्या कड्यावर नेणार आणि पुढे गोदामात शिकवायचं कामही देणार. भावजींचं विम्याचं ऑफिस आहे, म्हणजे धोका हा त्यांना टक्क्यांतच कळतो. त्यांनी जेवणाच्या टेबलावर एक घाव दोन तुकडे करून टाकले होते: निवड झाली तर मी जन्मात एक शब्द बोलणार नाही, नाही झाली तर माझ्या ऑफिसात येऊन बसायचं. पालीने बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत होतं की ऑफिसात बसण्याचं तिला तेवढं दुःख नव्हतं. चौथ्या बोल्टवर हरून बसण्याचं होतं. चढणं हीच एक गोष्ट तिला जगात कुणी न शिकवता येत होती, आणि तीच तिच्यापासून चालली होती.

मास्तरांचं निदान पक्कं होतं: ही पडली आहे, म्हणून पडायला घाबरते. त्यांनी तिला पडण्याच्या सरावाला जुंपलं. मी खाली दोर धरून, ती वरून हात सोडणार, मी अडवणार. पहिल्यांदा मीच जीव मुठीत धरून उभी होते. आणि मी काय बघितलं? पाल छान पडायची. अंग सैल सोडून, पाय पुढे करून, एखादी पिशवी खुंटीवरून खाली यावी तशी. मी बुटांकडे नीट लक्ष दिलं. बोटं अगदी सरळ. भीतीचा मागमूस नाही.

तीच मुलगी चढायला लागली आणि चौथा बोल्ट मागे पडला, की दोन पकडी वर जाऊन खिळायची. टाच थरथरायला लागायची, शिलाई मशीनवर पाय ठेवल्यासारखी. मी विचारायची, भीती की धोका. वरून उत्तर यायचं, भीती. मग लांब श्वास. मग काहीच नाही. दोन्ही हातांतलं बळ संपेपर्यंत ती तिथेच चिकटून राहायची आणि शेवटी दमून पडायची, तीही व्यवस्थित. मास्तर म्हणायचे, पडण्याचा सराव अजून वाढवू या.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आता दुसरा शब्द कुठून आणू. ज्याला पडायची भीती तो पडताना घाबरतो, हे तर माझा कंपाउंडरही सांगेल. मग ही घाबरते कशाला? उंचीला म्हणावं तर दोर वरून सोडलेला असला की ती त्याच भिंतीच्या टोकाला बसून बिस्किटं खायची. आणखी एक गोष्ट मला दिसली होती. खिळल्यावर बहुतेक लोक खाली जमिनीकडे बघतात. ही बघायची माझ्या हातांकडे. माझ्या खुर्चीतले काही पेशंट असेच असतात, त्यांना सुईचं काही नसतं, ते सुई धरणाऱ्याकडे बघत असतात.

मी पालीला विचारलं तर म्हणाली, माहीत असतं तर सांगितलं नसतं का. मग मी तिच्या मैत्रिणीला गाठलं. शाळेपासूनची मैत्रीण, खाणीत त्या दिवशी दोर हिच्याच हातात होता. पाल तिच्याबरोबर हसायची, खायची, चपला अदलाबदल करायची, पण दोर तिच्या हातात द्यायची नाही. तिचं लक्ष नसतं, असं मला सांगितलं होतं. मी तिला दोर धरताना पाहिलं होतं. तिचं लक्ष माझ्यापेक्षा दसपट बरं. मैत्रीण म्हणाली, मावशी, पाचव्या बोल्टला अगदी एक पकड राहिली होती हो, आम्ही सगळे खालून तिला उभारी देत होतो, इतकी मस्त चढली होती. आणि तिचे डोळे भरले. भरल्या डोळ्यांपुढे मलासुद्धा पुढचा प्रश्न विचारता येत नाही. तिथेच माझा तपास थांबला.

निवडीच्या दिवशी खाणीत लख्ख ऊन होतं. दगड तापायच्या आत उरकायचं म्हणून मास्तर घाई करत होते. भावजी आले होते, हातात छत्री, पायात ऑफिसचे बूट. ताई आली नाही. म्हणाली, तू फोन कर, पण काही बोलायचं असेल तरच कर. पालीचा नंबर मध्ये कुठेतरी आला. तिने गाठ बांधली, मी तपासली, तिने माझं यंत्र तपासलं. मग मोठ्याने सांगितलं, कुठे पडू शकते, कशावर आपटेन. आवाज स्वच्छ होता.

पहिले तीन बोल्ट ती बोलता बोलता चढली. चौथ्यात दोर अडकवला. मग वर गेली, एक पकड, दुसरी पकड, आणि उजवा हात तिसरीवर ठेवून थांबली. टाच हलायला लागली. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं. दोराचा झोल काढला आणि विचारलं, "भीती की धोका?"

ती माझ्या हातांकडे बघत होती.

"धोका," ती म्हणाली.

मी वरचा दगड बघितला. मला काहीही दिसलं नाही. पकड पक्की, दोर सरळ, बोल्ट जागच्या जागी. आता तिला उतरवलं की निवड गेली, वर्ष गेलं, आणि उद्यापासून विम्याच्या फायली. मैत्रीण माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, मावशी, थांबा ना, काही नाहीये तिथे, जमेल तिला. भावजींनी छत्री मिटली. मास्तर माझ्याकडे बघत होते, मिशीसुद्धा हलत नव्हती. आणि माझ्या जिभेच्या टोकावर 'कसला' हा शब्द येऊन बसला होता. आयुष्यात इतका नैसर्गिक प्रश्न मला कधी पडला नसेल. एकदाच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी ओठ मिटले आणि दोर सोडायला सुरुवात केली. ती खाली आली, सावकाश, भिंतीला पाय लावत. खाली टेकल्यावरही तिने दोर घट्ट धरून ठेवला होता. मग गाठ सोडायला लागली, पण बोटं चालेनात. मी मदत केली नाही. गाठ सुटेपर्यंत गप्प राहायचं होतं आणि हात पुढे केला असता तर तोंडही सुटलं असतं.

गाठ सुटली. ती दगडावर बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "धोका नव्हता, मावशी."

"मग काय होतं?"

"भीतीच. नेहमीचीच."

मला तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. एवढे महिने दवाखाना लवकर बंद करून आले होते, खांदे धरले होते, तळहाताला घट्टे पडले होते. मी विचारलं, मग धोका का म्हणालीस, ते सुद्धा आज?

"ठरवून नाही म्हटलं, तोंडातून गेलं," ती म्हणाली. "मी पडले त्या दिवशीसुद्धा मी वरून उतरव म्हणाले होते. दोनदा. हात संपले होते माझे. आणि खालून सगळे ओरडत होते, जमेल, जमेल, एकच पकड. प्रेमानेच ओरडत होते गं. पण उतरवलं कुणीच नाही." मैत्रीण शेजारीच उभी होती. पालीने तिच्याकडे बघितलं नाही, पण तिचा हात ओढून तिला जवळ बसवून घेतलं. "पडायचं मला काही वाटत नाही. मी सांगेन आणि खालचा ऐकणार नाही, त्याने पाय हलतात माझे. सरावात कुणीही उतरवतं, त्याला काय लागतं? आज उतरवलं की सगळं जाणार, हे तुला माहीत होतं. तरी उतरवशील का, ते मला कळत नव्हतं."

मैत्रीण रडत म्हणाली की मला वाटलं तू दमून म्हणतेयस, खरंच उतरायचं नाहीये तुला. पाल म्हणाली, माहीत आहे.

मास्तर मागे येऊन उभे राहिलेले कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खोटा धोका सांगणं म्हणजे त्यांच्या शाळेत सगळ्यात मोठा गुन्हा. मला वाटलं, आता अहोजाहो सुरू होणार, आणि झालंच. "आपण हे मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं कुठे?" पाल म्हणाली. "तुम्ही मला पडायला शिकवत होतात."

मास्तर मिशी चावत उभे राहिले. मला त्यांची दया आली, कारण ही चूक माझ्या धंद्यात रोजची आहे. दुखतो वरचा दात, किडलेला असतो खालचा, आणि पेशंट शपथेवर वरच्याकडे बोट दाखवतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. चांगल्या मनाने वर्षभर चाललं होतं, आणि पखाल टुणटुणीत होती.

नियम तो नियम. पालीचं नाव निवडीतून गेलं. मास्तरांनी ते स्वतः सांगितलं आणि ती हो म्हणाली. भावजी पुढे आले. मला वाटलं, जिंकलेल्या माणसासारखं काही बोलतील. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्हाला तरी वरती काही दिसलं होतं का? मी म्हटलं, काही नाही. मग उतरवलंत कशाला? मी म्हटलं, ती म्हणाली म्हणून. ते बराच वेळ छत्रीच्या दांड्याशी खेळत राहिले. विम्याच्या कुठल्या रकान्यात हे बसवावं याचा विचार करत असावेत.

"सोमवारी येते ऑफिसात," पाल त्यांना म्हणाली. "शनिवारपर्यंत बसेन. रविवारचं काही बोलला नव्हतात तुम्ही."

भावजी हसले. मी त्यांना क्वचितच असं हसताना पाहिलं आहे.

निवड संपली, लोक दोर गुंडाळायला लागले. ऊन दगडावर चढलं होतं आणि सावली अर्ध्यावर येऊन थांबली होती. पालीने परत कमरेला गाठ बांधली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आता त्या चढाईला कसलीच किंमत नव्हती, कुणी मोजणार नव्हतं, बरेचसे बघतही नव्हते. मी तिला काही विचारलं नाही. गाठ तपासली, यंत्र दाखवलं, आणि उभी राहिले.

चौथ्या बोल्टपर्यंत मी श्वास रोखून होते. शिकवलेलं सगळं विसरले होते. ती वर गेली. एक पकड, दुसरी, तिसरी. तिसरीवर तिचा पाय घसरला आणि ती पडली. दोराने मला जमिनीवरून चांगली वीतभर उचललं. माझ्या वजनाबद्दल तिचा अंदाज जरा जास्तच होता. ती भिंतीशी झुलली, एकदा खोकली, कपाळावरची भुकटी मनगटाने पुसली आणि परत दगडाला हात घातला. तिसरी पकड. चौथी. मग माझी मान दुखायला लागली इतकी ती वर गेली, पाचव्या बोल्टच्या अलीकडे, जिथे ती या वर्षात एकदाही पोचली नव्हती. तिथे ती थांबली. माझ्या तोंडावर प्रश्न आला.

तिने विचारायला वेळच दिला नाही.

"मावशी," ती वरून म्हणाली, "दोर दे."

मी दिला.